सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीची पहिलीची ॲडमिशन, शाळा 'लिहून द्या' म्हणतेय. काय करावं?

ओवीची_आई:

नमस्कार, इथे बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

मुलगी सहा वर्षांची, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी. दोन्ही पाय ताठ, हात त्या मानाने बरे पण पेन्सिल धरून चार अक्षरं काढायला बाकीच्या पोरांच्या दुप्पट वेळ लागतो, आणि बोलणं अडखळत असल्यामुळे नवीन माणसाला पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, मग हळूहळू कळायला लागतं. डोकं मात्र जरा जास्तच चालतं, आजोबांनी गोष्टीत काही गाळलं की लगेच पकडते. एएफओ (पाय आणि घोट्याला आधार देणारे पट्ट्यांचे साचे) घालून वॉकरवर वर्गातल्या वर्गात फिरते, लांब जायचं तर उचलावं लागतं. सर्टिफिकेट 60 टक्क्यांचं आहे, यूडीआयडी कार्डपण (सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) आलंय.

आम्ही सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. छोटा गट, मोठा गट इथल्याच एका खासगी सेमी इंग्लिश शाळेत झाला, बालवाडी तळमजल्यावर होती, मावशी प्रेमळ होत्या, कधी काही अडलं नाही. आता पहिलीचे वर्ग वरच्या मजल्यावर. फॉर्म भरायला गेलो तर मोठ्या मॅडमनी केबिनमध्ये बसवलं, चहा पाजला आणि इतक्या गोड बोलल्या की गेटच्या बाहेर येईपर्यंत मला कळलंच नाही की आपल्याला नाही म्हटलंय. "ॲडमिशन देणार नाही असं मी म्हणतच नाहीये हो, तिच्याच भल्यासाठी सांगतेय." मग एक टाईप केलेलं हमीपत्र पुढे केलं. आईने शाळेच्या पूर्ण वेळात आवारात थांबायचं, मुलगी पडली-झडली तर शाळा जबाबदार नाही, आणि पहिल्या सहामाहीत 'अपेक्षित प्रगती' दिसली नाही तर पालक स्वतःहून दाखला काढून नेतील. मी पतसंस्थेत नोकरी करते, दिवसभर शाळेच्या आवारात बसले तर नोकरी गेलीच म्हणून समजा, आणि फिजिओचा खर्च माझ्याच पगारातून चालतो.

झेडपीची शाळा घराजवळ आहे. तिथले गुरुजी म्हणाले "आणा की, त्यात काय एवढं." पण दारात तीन पायऱ्या, आणि संडास शाळेच्या मागे, भारतीय पद्धतीचा, ती उकिडवी बसूच शकत नाही. घरात सासऱ्यांचं म्हणणं सेमी इंग्लिशमधून काढून झेडपीत घालायची म्हणजे गावात काय सांगायचं. पंचायत समितीत चौकशीला गेले तर एक साहेब म्हणाले "कशाला पोरीची ओढाताण करताय, घरी शिक्षणाची सोय असते, तो फॉर्म भरून टाका." आणि नणंद म्हणते स्पेशल स्कूलला घाल, ते सगळ्यात जवळचं मतिमंद मुलांचं आहे, निवासी, आणि माझी मुलगी मतिमंद नाहीये हो.

हमीपत्र द्यावं का? नाही दिलं तर खरंच ॲडमिशन नाकारू शकतात का? आणि झेडपीत घातलं तर संडासाचं काय करायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.


स्पष्टवक्ता_सांगलीकर:

ताई राग मानू नका पण प्रॅक्टिकल बोलतो. एका वर्गात पन्नास-साठ पोरं, बाई एक. ती बाई साठ पोरांना शिकवणार का तुमच्या एका मुलीला संडासला नेणार? कायदे दिल्लीत बसून करतात, वर्गात कोण उभं राहतं? शाळेने निदान तोंडावर सांगितलं, काही शाळा घेतात आणि वर्षभर मागच्या बाकावर बसवून ठेवतात. स्पेशल स्कूलमध्ये निदान ट्रेनिंग घेतलेली माणसं असतात. बघा विचार करून.


खडूची_धूळ:

ओवीच्या आई, हमीपत्रावर सही करू नका. बाकी सगळं नंतर वाचा, हे आधी वाचा.

मी मराठवाड्यात समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत विशेष शिक्षक आहे, सर्व शिक्षा अभियान होतं तेव्हापासून कंत्राटावर. तुमच्या मॅडमनी जे केलं ते मी इतक्या शाळांत पाहिलंय की आता हसू येतं. नाही कुणीच म्हणत नाही. कागदावर तर कुणीच म्हणत नाही. चहा पाजतात, भल्याचं सांगतात, आणि अट अशी घालतात की पालकच दमून निघून जावा. मग रेकॉर्डला काय राहतं, तर 'पालकांनी स्वेच्छेने प्रवेश घेतला नाही'. म्हणून तुमचं पहिलं काम एकच, जे काही बोलणं होईल ते कागदावर आणायचं. ॲडमिशनचा साधा अर्ज करा, दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेऊन ती घरी ठेवायची. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. तुम्हाला पटणार नाही पण शिक्का मारायची वेळ आली की निम्म्या शाळांचा सूर तिथेच बदलतो.

आता कायद्याचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, त्याचं कलम 16 फक्त सरकारी शाळांना नाही, सरकारची मान्यता असलेल्या शाळांनाही लागू होतं. भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरता येईल अशी करायची आणि त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची, असं त्यात आहे. वर्ग खाली आणणं ही त्यातलीच साधी सोय, त्याला एक रुपया लागत नाही, पहिली खाली आणि तिसरी-चौथी वर, विषय संपला. मोडलं तर कलम 89 खाली पहिल्यांदा 10 हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडलं तर 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत. आणि ते सहामाहीनंतर दाखला काढायचं जे लिहिलंय ना, आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, म्हणूनच ते तुमच्याकडून 'स्वतःहून' असं लिहून घेतायत. यावरून समजा की कायदा त्यांना व्यवस्थित माहीत आहे.

घरी शिक्षणाबद्दल. ही सोय आरटीईच्या 2012 च्या दुरुस्तीत आली, बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांसाठी, आणि तो पर्याय मुलाचा आणि पालकांचा आहे, साहेबांचा नाही. जे मूल खरंच अंथरुणाला खिळलंय त्याच्यासाठी चांगली गोष्ट आहे, मी स्वतः जातो अशा घरांत. पण खरं सांगतो, एका घरी माझी पुढची फेरी कधी होईल ते मलाच माहीत नसतं, मध्येच ट्रेनिंग लागतं, मध्येच शिबिर, मध्येच ऑनलाईन माहिती भरायची. वॉकरवर चालणारी, आजोबांच्या गोष्टी पकडणारी मुलगी घरी बसवली तर चौथीपर्यंत तिला एक मैत्रीण नसेल. तो फॉर्म भरू नका.

आणि एक कटकटीचं पण महत्त्वाचं. जिथे कुठे ॲडमिशन होईल तिथे यू-डायस प्लसमध्ये (शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाईन नोंद) तिची दिव्यांग म्हणून नोंद झालीय का आणि प्रकार बरोबर टाकलाय का हे मुख्याध्यापकांच्या शेजारी बसून बघा. तिथे रकाना रिकामा राहिला तर मूल आमच्या यादीतच येत नाही. मग मदतनीस भत्ता नाही, प्रवास भत्ता नाही, मुलींना महिना 200 रुपये असा दहा महिन्यांचा जो प्रोत्साहन भत्ता आहे तो नाही, व्हीलचेअर, श्रवणयंत्र अशा साहित्याच्या मोजमाप शिबिराचं बोलावणं नाही. दरवर्षी अशी मुलं सापडतात, वर्गात डोळ्यांसमोर बसलेली आणि कॉम्प्युटरवर धडधाकट.


पुण्याचा_बाबा:

@स्पष्टवक्ता, तुमचं म्हणणं एकदम उडवून लावता येत नाही पण तुम्ही सगळी मुलं एका पोत्यात भरताय.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता अकरा वर्षांचा. पुण्यात मोठमोठ्या बोर्डांच्या शाळा बघितल्या, ब्रोशरवर सगळीकडे 'इन्क्लुझिव्ह'. एका ठिकाणी घेतलं, महिन्याभरात फोन, शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्याबरोबर बसणारी मदतनीस) ठेवा, पगार तुम्ही द्यायचा, निवड आमची. ठेवली. मग वर्गातल्या बाईंनी त्याच्याकडे बघणंच सोडलं, काही झालं की 'शॅडोला विचारा'. तो वर्गाच्या कोपऱ्यात एका मोठ्या मुलीबरोबर दिवसभर रंगकाम करत बसायचा आणि आम्ही शाळेची फी अधिक तिचा पगार भरायचो. स्नेहसंमेलनात त्या दिवशी त्याला घरी ठेवा, आवाजाचा त्रास होईल, असा अगदी काळजीवाहू मेसेज. शेवटी आम्ही त्याला स्पेशल स्कूलमध्ये टाकला आणि तो तिथे खरंच सुखात आहे, स्वतःचा डबा स्वतः उघडतो, बसची वाट बघतो. तर स्पेशल स्कूल वाईट असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण ओवीची केस वेगळी आहे राव. तिची अडचण जिना आणि संडास आहे. मतिमंद मुलांच्या निवासी शाळेत घालून तिचा जिना सुटेल पण बाकी सगळं बुडेल. शाळेला जे जमत नाही त्याचं नाव मुलाच्या फाईलवर टाकायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

ताई, हमीपत्राचं मीपण तेच सांगेन. सही केली की उद्या काहीही झालं तरी तोच कागद फडकवतात.


निळ्या_कार्डवाली:

मला पोलिओ, दोन्ही पाय. यूडीआयडी कार्ड निळं, म्हणजे 80 टक्क्यांच्या वर. बँकेत आहे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यात शिकले. संडासाबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून लिहितेय, कारण या धाग्यावर कलमं सगळे सांगतील, हे कोणी सांगणार नाही.

मी प्राथमिक शाळेत असताना सकाळी घरून निघायच्या आधीच पाणी पिणं बंद करायची. दुपारी खिचडी खाल्ली तरी पाणी नाही, नुसती चूळ भरायची. उन्हाळ्यात सकाळची शाळा असायची ते बरं वाटायचं, तास कमी म्हणून. लघवीला जळजळ, ताप, डॉक्टर म्हणायचे पाणी कमी पिते का, आई म्हणायची लक्षच नसतं हिचं. मी कधी सांगितलं नाही. लहान मुलगी हे सांगत नाही, तिला ते स्वतःचंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तर ओवी शाळेतून आली की तिची बाटली उचलून बघा. भरलेली परत येत असेल तर गुणपत्रिकेत काहीही असू दे, शाळा नीट चाललेली नाही.

दुसरं, आतापासून पाचवी आणि आठवी डोळ्यांसमोर ठेवा. पहिली-दुसरीला आई-बाप उचलून नेतात, गुरुजी उचलून घेतात, कोणाला काही वाटत नाही. मुलगी मोठी होते, वजन वाढतं, उचलणाऱ्याला लाज वाटते, तिला त्याहून जास्त वाटते. आणि नेमकं तेव्हाच गावची शाळा संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावात. एसटीत आपल्याला तिकिटात 75 टक्के सवलत आहे, फार छान, पण एसटीची पहिली पायरी माझ्या कमरेला लागते, त्या सवलतीत काही चढवून देणारा माणूस मिळत नाही. माझ्याबरोबरची अजून एक मुलगी होती पोलिओचीच, माझ्यापेक्षा हुशार, ती सातवीनंतर आलीच नाही. तिला कोणी नापास केलं नाही, कोणी काढलं नाही. माझे काका हायस्कूलच्या गावात दूध घालायला जायचे म्हणून मी त्यांच्या मोटरसायकलवर शिकले, एवढाच फरक.

नोकरी अजिबात सोडू नका. तुमच्या पैशाची तिला पुढे फार गरज लागणार आहे.


जोतं_आणि_उंबरा:

मी झेडपीचा मुख्याध्यापक, दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. ताई, तुमचे गुरुजी 'आणा की' म्हणाले ना, तो माणूस धरून ठेवा. इमारत दुरुस्त करता येते, माणूस नाही.

आता पायऱ्यांचं. तीन पायऱ्या म्हणजे साधारण दीड फूट जोतं. रॅम्पचं प्रमाण एकास बारा असतं, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी, तर तुम्हाला अठरा फूट रॅम्प लागणार, वर दारासमोर व्हीलचेअर वळेल एवढी सपाट जागा वेगळी, आणि दोन्ही बाजूंना कठडा. ठेकेदार काय करतो, पायऱ्यांच्या शेजारी सहा फुटांत सिमेंटची घसरगुंडी ओततो, फोटो काढतो, बिल काढतो. यू-डायसला 'रॅम्प आहे: होय' अशी टिक होते. माझ्या आधीच्या शाळेत असाच होता, पोरं त्यावरून घसरायची आणि पावसाळ्यात मीच एकदा आपटलो. वर पोचल्यावर पुन्हा दाराला चार इंचाचा उंबरा. म्हणून काम सुरू व्हायच्या आधी तिथे टेप घेऊन उभं राहा, अठरा फूट जागा सरळ मिळत नसेल तर भिंतीच्या कडेने वळवून काढता येतो.

पैसा कुठून? शाळेच्या अनुदानात हे बसत नाही, ते खडू, झाडू, वीजबिलात संपतं. पण ग्रामपंचायत असो वा नगरपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी मार्च आला की लाभार्थ्यांच्या खात्यात थोडे थोडे वाटून मोकळे होतात. पण सार्वजनिक इमारतीत रॅम्प, कठडा, संडास अशा कामांनाही तो निधी वापरता येतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या, त्यात मुलीचा उल्लेख असू दे, आणि ठरावाची प्रत ग्रामसेवकांना किंवा मुख्याधिकाऱ्यांना पोच घेऊन द्या. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तुम्ही स्वतः सदस्य व्हा.

संडासासाठी वाट बघत बसू नका. भारतीय भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकल दुकानात मिळते, मधे भोक असलेली, ती भिंतीला टेकवून पक्की बसवा, हलली तर मूल घाबरतं आणि परत बसत नाही. त्याआधी दाराची रुंदी मोजा. शाळेच्या संडासाचं दार बहुतेक दोन-सव्वादोन फुटांचं असतं, वॉकर आत जातच नाही, तीन फूट पाहिजे. दार बाहेर उघडणारं करून घ्या, आत उघडणारं असलं तर आतली जागा संपते. एक आडवा पाईप धरायला. हे सगळं गावातला वेल्डर एका दिवसात करतो. आमच्याकडे एक मुलगा होता त्याच्यासाठी आम्ही केलं, मग गंमत अशी की म्हातारे पालक मीटिंगला आले की तेच वापरायला लागले.

@स्पष्टवक्ता, साठ पोरं आणि एक बाई हे तुमचं खरं आहे, मी नाकारत नाही. चार वर्ग दोघांत सांभाळताना मीही कधी कधी अशा मुलाकडे लक्ष देऊ शकत नाही. पण ती तक्रार सरकारकडे न्यायची का सहा वर्षांच्या पोरीला घरी बसवून सोडवायची?


स्पष्टवक्ता_सांगलीकर:

सर, घरी बसवा असं मी म्हटलंच नव्हतं, स्पेशल स्कूल म्हटलं होतं. पण असो, मुलगी मतिमंद नाही तर तिथे नको हे मान्य. माझा मुद्दा शिक्षकांचा होता. वर्गशिक्षिकेला मदत मिळणार नसेल तर पहिल्या आठवड्याचा उत्साह संपला की पुढे काय?


खडूची_धूळ:

प्रश्न बरोबर आहे तुमचा आणि त्याचं उत्तर माझ्याकडे चांगलं नाहीये.

ऑक्टोबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनीश कुमार पांडे केसमध्ये सांगितलं, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे 1 विशेष शिक्षक आणि वरच्या वर्गांना 15 मागे 1. आपल्या राज्यात शाळांची 4860 केंद्रं, म्हणजे जवळपासच्या शाळांचे गट, आहेत, केंद्राला एक शिक्षक धरला तरी एकाच्या वाट्याला दहा-पंधरा शाळा येतात, वाड्या-वस्त्या धरून. त्यात आमचं ट्रेनिंग एकेका प्रकाराचं असतं. मी कर्णबधिर मुलांचा डीएड केलेला, समोर सेरेब्रल पाल्सीची मुलगी आली की मी फिजिओला फोन करतो, अंध मूल आलं की दुसऱ्या तालुक्यातल्या मित्राला. कायद्यात आता 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे, 1995 च्या कायद्यात 7 होते, माणसं तीच.

म्हणून मी पालकांना सांगतो, माझी वाट बघू नका, वर्गशिक्षिकेलाच तुमच्या मुलीसाठी तयार करा. ओवीच्या आई, पहिल्या आठवड्यात बाईंना तीन-चार गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवा, वॉकर कसा धरायचा, एएफओचा पट्टा सुटला तर कसा लावायचा, ती बोलत असताना वाक्य तिच्या तोंडून न काढून घेता थांबायचं. लिहिण्याला जाड पेन्सिल, वही घसरू नये म्हणून खाली रबरी मॅट, आणि फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नको, निम्मं उतरवलं तरी चालेल असं आधीच ठरवा. तोंडी उत्तर घ्या म्हणा. परीक्षेच्या सवलती, म्हणजे तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक वगैरे, 16 ऑक्टोबर 2018 च्या जीआरमध्ये आहेत, तो फक्त दहावीसाठी आहे असा पुष्कळ शाळांचा समज असतो, तसं नाहीये, खालच्या वर्गांनाही आहेत. आत्ता पहिलीला लागणार नाही पण प्रिंट काढून ठेवा.


नागपुरी_संत्रा:

मी वाचतच होतो पण वर्गशिक्षिकेचं निघालं म्हणून. माझा पोरगा कर्णबधिर आहे, दोन्ही कानाला मशीन. शाळेने ॲडमिशन अगदी बिनबोभाट दिली, काही लिहून मागितलं नाही, आम्ही खुश. सहा महिन्यांनी लक्षात आलं बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात, पोरगा ओठ बघून समजून घेतो त्याला पाठ दिसते. वर पंखा घरघरतो, मशीन तो आवाजपण मोठा करून देते. पहिल्या बाकावर बसवलं म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटते. शिबिरात मशीन फुकट मिळालं पण सेल संपले की ते नुसतं कानातलं डूल, आणि आमच्या तालुक्याच्या दुकानात ते सेल मिळतच नाहीत, नागपूरहून आणावे लागतात, एकदा पुरामुळे जाता नाही आलं तर पोरगा आठवडाभर वर्गात शांत बसून राहिला आणि बाई म्हणे आता फार शहाणा झाला. तर ॲडमिशन झाली म्हणजे शाळा सुरू झाली असं समजू नका, एवढंच सांगतो.


ओवीची_आई:

सगळ्यांचे खूप आभार. निळ्या कार्डवाली ताई, तुमचं वाचून मी आधी तिची बाटली बघितली, बालवाडीला दोन्ही वर्षं भरलेलीच यायची आणि मी रोज तिला रागवायचे. जास्त नाही लिहीत.

मिस्टरांना सगळा धागा वाचून दाखवला. ते म्हणतात खासगी शाळेशी भांडून ॲडमिशन मिळवली तर उद्या मुलीवर राग काढतील. मला पण ती भीती आहे. दुसरीकडे झेडपीत जायचं तर ते 'यांनी नाकारलं म्हणून आलो' असं नकोय, आणि त्यांना असंच सोडलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालातरी तोच कागद देणार.

अर्जात नेमकं काय लिहायचं तेवढं कोणी सांगाल का? मला कायद्याची भाषा येत नाही.


खडूची_धूळ:

कायद्याची भाषा नकोच, साध्या मराठीत लिहा, जितकं साधं तितकं उत्तर देणं अवघड जातं. असं काहीसं:

"माझी मुलगी आपल्या शाळेत मोठ्या गटात होती. तिला इयत्ता पहिलीत प्रवेश मिळावा ही विनंती. तिला 60 टक्के अस्थिव्यंग आहे, प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्डाची प्रत जोडली आहे. तिला जिना चढता येत नाही, तरी तिचा वर्ग तळमजल्यावर ठेवावा व संडासात कमोड खुर्ची ठेवण्यास परवानगी द्यावी, खुर्ची आम्ही देऊ. दि. अमुक रोजी आपण मला हमीपत्र देण्यास सांगितले. असे हमीपत्र कोणत्या शासन निर्णयानुसार लागते ते कृपया लेखी कळवावे. प्रवेश देणे शक्य नसल्यास तसे कारणासह लेखी द्यावे."

प्रत: गटशिक्षणाधिकारी. बस. शेवटची दोन वाक्यं गाळू नका, सगळी ताकद तिथे आहे. सर्टिफिकेटवर 'अस्थिव्यंग' लिहिलंय का 'सेरेब्रल पाल्सी' ते बघून तोच शब्द टाका, आणि ते कायमचं आहे का मुदतीचं तेही बघा, लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतं देतात आणि नेमकी ॲडमिशनच्या वेळी मुदत संपलेली निघते.

आठ-पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर शिक्षणाधिकारी प्राथमिक, आणि त्याच कागदांचा संच पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, समोरच्याला बोलावून कागद मागू शकतात. बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही जाता येतं. वकील लागत नाही.

राग काढतील का हे मी सांगू शकत नाही. काही शाळा काढतात. माझा अनुभव असा की मोठ्या मॅडमपेक्षा वर्गावरच्या बाई कोण आहेत यावर जास्त ठरतं, तर अर्ज द्यायच्या आधी पहिलीच्या बाईंना एकदा शाळेबाहेर भेटून या.


निळ्या_कार्डवाली:

माझं विचाराल तर झेडपी. पण अर्ज दोन्हीकडे द्या, खासगीकडून लेखी काय येतं ते बघा आणि मग तुम्ही ठरवा, त्यांनी ठरवायचं नाही. आणि सासऱ्यांना म्हणावं मीसुद्धा झेडपीतलीच, गावातल्या निम्म्या लोकांच्या कर्जाच्या फाईलवर माझी सही असते.


पुण्याचा_बाबा:

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा 😄

ताई, अजून एक, खासगी शाळांतल्या आरटीईच्या 25 टक्के राखीव जागांचा विचार केलाय का? दिव्यांग मुलं वंचित गटात येतात, 40 टक्क्यांच्या सर्टिफिकेटवर, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. लॉटरी असते म्हणा.


खडूची_धूळ:

ते प्रवेशाच्या पहिल्या वर्गासाठी असतं, शाळेचा एन्ट्री पॉईंट नर्सरी असेल तर ओवीची ती वेळ गेली, पहिली असेल तर चालेल. पोर्टलवर त्या शाळेपुढे काय दाखवतं ते बघा, यंदाची मुदत संपली नसेल तर भरून टाका, अर्ज भरायला काही पैसे पडत नाहीत.


ओवीची_आई:

आज अर्ज देऊन आले. शिपाई म्हणाला मॅडम मीटिंगला आहेत, ठेवून जा. मी म्हटलं शिक्का मारून द्या, मी थांबते. क्लार्कने दोनदा आत जाऊन विचारलं, मग मारला. मॅडम बाहेर आल्या, आज चहा नव्हता 😅 म्हणाल्या "अहो एवढं लिहायची काय गरज होती, बोलून झालं असतं की." वर्ग खाली आणता येतो का ते ट्रस्टींना विचारून सोमवारपर्यंत कळवते म्हणाल्या. हमीपत्राचा विषय त्यांनी काढला नाही, मीपण नाही काढला.

झेडपीत पण जाऊन आले. गुरुजींनी स्वतः टेप आणला. संडासाचं दार सव्वादोन फूट, वॉकर बावीस इंच, जेमतेम जातोय पण हात घासतात. @जोतं_आणि_उंबरा सर, दार काढून नुसता जाड पडदा लावला तर चालेल का? चौकट मोठी करायची तर भिंत तोडावी लागेल म्हणाले गवंडी.


जोतं_आणि_उंबरा:

पडदा नको. पहिलीत चालेल, तिसरीत नाही चालणार, मुलींना आडोसा पक्का लागतो आणि पोरं पडदा ओढतातच. भिंत विटांची असेल तर एका बाजूने नऊ इंच तोडून नवी चौकट बसते, वरच्या लिंटेलची (दारावरच्या आडव्या तुळईची) लांबी पुरतेय का तेवढं गवंड्याला विचारा, लिंटेल दोन्ही बाजूंना निदान सहा इंच भिंतीत टेकलेलं राहिलं पाहिजे. पुरत नसेल तर सरकतं दार बघा, बिजागरीत जाणारी जागा वाचते, इंच-दीड इंच मिळून जातो. आतला फोटो टाका, भांडं कुठल्या भिंतीला आहे ते बघून पाईप कुठे लावायचा ते सांगतो.